पुस्तकाची पाठ

गंगावेशीत आमचं बायंडिंगचं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
एक शिकंजा, खळीचं पातेलं
आणि दादांचे चपटे झालेले अंगठे.

वाचनालयांची पोती यायची.
हाताळून हाताळून मऊ पडलेल्या कादंबऱ्या,
कुठं कपाचा गोल, कुठं अडकून राहिलेली केसातली पिन.
दादा आधी चेहरा सोलायचे, मग पाठ,
मग दोरा, खळ, काळं रेक्झिन.
आत कुणीही असो, बाहेरून सगळ्या सारख्या.

चेहऱ्यांना गिऱ्हाईक होतं.
समोरच्या सलूनात आरशाभोवती डकवलेल्या बायका
आमच्याकडनंच गेलेल्या.
पाठी उरायच्या. त्या आई न्यायची,
फळीवर अंथरायला, डब्यांखाली.

मी अक्षरं जुळवली ती त्या फळीवर:
"तारुण्याच्या उंबरठ्यावर उभी नीलाक्षी!
एकीकडे अबोल बालमित्र माधव,
दुसरीकडे श्रीमंत पण एकाकी इनामदार.
आणि त्या धुकाळ रात्री, पन्हाळ्यावर,
असं काय घडलं, की..."
'की'च्या पुढं तिखटाचा डबा.
डबा उचलला तर, किंमत साडेतीन रुपये.

हे कोण लिहायचं, नाव नसायचं कधी.
पण माणूस एकच असावा.
दर पाठीवर एक वादळ, एक तार,
एक न पाठवलेलं पत्र,
आणि शेवटाकडं ठरलेलं,
"नियतीच्या मनात मात्र वेगळंच होतं."
नियती म्हणजे आईला वाटायचं
कुणाची तरी सासू.

आई चौथीतनं उठलेली.
भाकरी थापता थापता म्हणायची, वाच की मघाचं.
मी वाचायचो. तिचा हात परातीत थांबायचा.
"मग? गेली का न्हाई ती?"
"पुढं न्हाई लिहिलेलं."
"असं कसं? एवढं इचारत्यात,
म्हंजे म्हाईत असंल की त्यास्नी."

दादांना विचारावं, तर त्यांच्या हाताखालून
पान न पान गेलेलं.
म्हणायचे, "फॉर्म बारा. पानं एकशे ब्याण्णव.
शेवटचं फाटलंवतं, चिकटवलं."

मग आईच सांगायची.
तिच्या सांगण्यात नीलाक्षी
दोघांनाही नाही म्हणायची,
नगरपालिकेत चिकटायची,
पहिल्या पगाराची शिलाई मशीन घ्यायची, हप्त्यानं.
इनामदार दूध कट्ट्यावर रोज दिसायचा,
धारोष्ण पेला हातात, मिशीला फेस,
तिच्याकडं न बघितल्यासारखं करत.
"आन् माधव?"
माधवला पन्हाळ्याच्या धुक्यानं सर्दी झालेली,
ती काय जन्मात गेली नाही.

भाकरी करपली की गोष्ट संपायची.
दुसऱ्या दिवशी तीच पाठ, दुसरा शेवट.
मशीन तेवढी कायम.

गेल्या साली लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या ढिगात
काळं रेक्झिन दिसलं.
उघडायच्या आधी शिवण बघितली,
शेवटची गाठ दुहेरी, दादांची.
आत नाव तेच.
तिथंच पोत्यावर बसून वाचलं,
रद्दीवाला दोनदा चहा पिऊन आला.

पन्हाळा नव्हताच त्यात.
धुकं नव्हतं, तार नव्हती.
नीलाक्षी नागपूरची, घरात सतत पाहुणे,
इनामदार दोन पानांत मरतो,
आणि माधव तिला एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर
मंगळसूत्र घालतो, फार काही न बोलता.
पाठ लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडलंही नसावं.
त्याचं मला का कोण जाणे
वाईट वाटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं.
मोतीबिंदू काढलेला, हिरवी पट्टी डोळ्यावर,
कडाप्प्याच्या ओट्याला टेकून बसलेली.
सगळं ऐकून घेतलं तिनं,
नागपूर, पाहुणे, मंगळसूत्र.
"मग ती दुसरी कुणीतरी असंल," म्हणाली,
"आपली न्हवं ती."

आणि जरा वेळानं,
"मशीनचं काय लिवलंय का?"